वहीच्या समासातला पाऊस

दिवाळीच्या आधी माळा झाडताना लाल कापडाच्या बासनात बांधलेल्या सतरा वह्या खाली आल्या. माझे सासरे, ज्यांना घरच नव्हे तर सारे गाव बाबूजी म्हणत असे, त्यांच्या हातच्या त्या कीर्दी. बार्शी-लातूर पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची धान्याची आडत तीन पिढ्यांची. हिशेब संगणकावर जाऊन आता पुष्कळ वर्षे लोटली. त्यामुळे चिरंजीवांनी विचारले ते स्वाभाविकच होते, "आई, या आता कुणाला लागणार आहेत?"

उत्तर देण्याआधी मी एक वही उघडली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, मध्ये घडीच्या रेघा, सारे नेहमीसारखेच. पण समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत काही वेगळेच लिहिलेले होते. 'मृग निघाला, कोरडा.' 'आर्द्रा, चांगला वापसा.' 'तरणा बरा, म्हातारा नाही.' 'हत्ती दोन दिवस. मागची भिंत बसली.' प्रत्येक वहीत ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत अशा नोंदी. १९७२ च्या वहीत तर हस्तापुढे एक शब्दही नव्हता, केवळ एक आडवी रेघ होती. त्या वर्षी या भागात लोकांनी रेशनवर मिळणारी परदेशी लाल ज्वारी, म्हणजे मिलो, खाऊन दिवस काढले, हे माझ्या पिढीने मोठ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे.

रोख जमा आणि रोख नावे लिहिणाऱ्या माणसाला पावसाची नोंद ठेवावीशी का वाटली असेल? मी चार संध्याकाळी त्या वह्या चाळल्या. उत्तर समासात नव्हते, ते जमेच्या बाजूला होते. वर्षातून कोणत्या महिन्यात शेतकऱ्याचा माल आला आणि कोणत्या महिन्यात त्याची उचल फिटली, हे एका खाली एक वाचत गेले की शेताचे संपूर्ण वर्ष त्या पानांवर उभे राहते. आजच्या हिशेबात ते दिसत नाही. ते का दिसत नाही, हेच या लेखात मांडायचे आहे.

आपल्या घरांत दोन पंचांगे एकाच वेळी चालतात याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पर्युषण, आयंबिलाची ओळी, चौमासी चतुर्दशी ही सारी तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात. पाऊस मात्र सूर्यावर चालतो. सूर्य एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस असतो, म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच निघतो, आर्द्रा २१-२२ जूनला, आणि हस्त, ज्याला शेतकरी हत्ती म्हणतो, तो २६-२७ सप्टेंबरला. पुनर्वसूला तरणा आणि पुष्याला म्हातारा ही नावेही शेतकऱ्यानेच दिलेली. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे, म्हणजे जवळजवळ बरोबर चार महिने. पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेले असते. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला तर पाऊस चांगला, अशी समजूत. बाबूजी वाहनावर हसत, पण पाडव्याला पंचांग आले की पहिल्यांदा पाहत तेच पान.

चंद्राचे वर्ष अकरा दिवसांनी लहान असल्याने आपले सण मागे सरकत जातात आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेतात. बैलपोळा श्रावणी अमावास्येचा. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा पोळा १४ सप्टेंबरला आला. २०२५ साली तो २२ ऑगस्टला होता. तीन आठवड्यांहून अधिक अंतर. पण दोन्ही वर्षी मुगाच्या शेंगा वाळण्याची वेळ तीच, कारण मुगाला तिथी कळत नाही. पेरल्यापासून सत्तर दिवस एवढेच त्याला माहीत. २०२३ मध्ये तर ऑगस्ट महिना देशभर इतका कोरडा गेला की १९०१ पासूनच्या नोंदींत तसा दुसरा नाही. ज्याचे सण चंद्रावर आणि पोट सूर्यावर, अशा माणसाशी व्यवहार करायचा तर दोन्ही पंचांगे डोळ्यांसमोर ठेवावी लागतात. बाबूजींनी तिथी वहीच्या माथ्यावर लिहिली आणि नक्षत्र समासात, ते यासाठी.

आता वर्ष कसे फिरत असे ते पाहू.

चैत्र-वैशाखात घरातल्या बायकांचा हंगाम. वर्षाचे गहू, ज्वारी, डाळी उन्हात घालायच्या, निवडायच्या, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचे, ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालून कणग्या भरायच्या. पापड, कुरडया, शेवया हेही तेव्हाच. आपल्याकडे याला जीवदयेचे कारण होतेच. पावसाळ्यात दमट धान्यात कीड पडली की ती निवडणेही पाप आणि टाकणेही पाप, म्हणून ती पडूच नये अशी व्यवस्था मृगापूर्वी करायची. माझ्या सासूबाई रोहिणी निघाल्या की, म्हणजे २५ मेच्या सुमारास, अंगणात एक दाणाही राहू देत नसत.

दुकानात त्याच काळात उलटा प्रवाह. बारा महिन्यांत सर्वाधिक पैसा बाहेर जाई तो या पंधरवड्यात. बी-बियाणे, खत, सालगड्याची उचल, तिफणीची दुरुस्ती, एखाद्याच्या मुलीच्या लग्नाचा राहिलेला खर्च. शेतकऱ्याजवळ तेव्हा काहीच नसे, आणि जे होते ते तो मातीत घालणार होता. आमच्याकडची जमीन काळी, भारी. पहिल्या सरीत ती चिखल होते आणि चाक रुतते. पाऊस पडून माती निथळली, हातात घेतली तर मोकळी सुटते पण ओल धरून आहे, त्या अवस्थेला वापसा म्हणतात. वापसा आला की दोन-तीन दिवसांत पेरणी उरकायची. तिफणीमागे चालत चाढ्यावर मूठ सोडणाऱ्या बाईच्या हातावर सगळा हंगाम अवलंबून असे. हात अडखळला की तासात खंड पडला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. तरी मृगाच्या एका सरीवर पेरणारे असतात, कारण मूग आणि उडीद जितके लवकर पेरावेत तितके बरे. पुढे खंड पडला की दुबार पेरणी, आणि दुसऱ्यांदा उचल. वहीत एकाच नावावर आठ दिवसांच्या अंतराने दोन रकमा दिसल्या की समासात पाहावे; तिथे 'आर्द्रा कोरडी' असे हमखास लिहिलेले सापडते.

आषाढ शुद्ध चतुर्दशीला चातुर्मास बसतो. तोवर बहुतेक वर्षी खरिपाची पेरणी झालेली असते. साधू-साध्वींचा विहार थांबतो आणि शिवारातली वर्दळही खुरपणी-कोळपणीपुरतीच उरते. दोघांचे कारण एकच, या काळात जमीन जिवंत झालेली असते. दुकानात शुकशुकाट. बाबूजी या दिवसांत सामायिक जास्त करीत आणि आकाशाकडे जास्त पाहत. मला तेव्हा ते विनोदी वाटे. आता वाटत नाही. घरातला सगळा पैसा दुसऱ्याच्या शेतात उघड्यावर पडलेला असताना माणूस आणखी काय करणार?

वर्षातली पहिली जमा मुगाची. मूग आणि उडीद पासष्ट ते पंचाहत्तर दिवसांत येतात. मृगात पेरले तर ऑगस्टच्या शेवटी पहिली तोडणी. रक्कम मोठी नसते, पण ती वेळेला येते. श्वेतांबर पर्युषण श्रावण वद्य बारस-तेरसला सुरू होते आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीला संवत्सरीने संपते. म्हणजे पोळ्याची अमावास्या दरवर्षी आपल्या पर्युषणाच्या मध्येच पडते! शेतकऱ्याला बैलांसाठी झूल, गोंडे, नवी वेसण हवी, पुरणपोळीसाठी गूळ हवा. पाठोपाठ गणपती आणि मराठवाड्यात घरोघरी महालक्ष्म्या. या सगळ्याचा खर्च मुगातून निघे. आणि आपल्या घरी त्याच आठ दिवसांत हिरवी भाजी वर्ज्य, म्हणून ताटात मूगच. नव्या मुगाचे पहिले पोते दुकानात उतरले की सासूबाई त्यातले पायलीभर घरात मागवीत. शेतकऱ्याचा सण आणि आमचा तप, दोन्ही एकाच पोत्यातून भागत.

इथे मला एक नोंद सांगितलीच पाहिजे. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षाची ती. संवत्सरीचा दिवस होता. दुकान बंद, आम्ही सारे उपवासात, दुपारी प्रतिक्रमणाची तयारी. जवळच्या गावचे एक पाटील मुगाची बैलगाडी घेऊन आले. दोन दिवसांवर महालक्ष्म्या होत्या. बाबूजींनी आतूनच निरोप पाठवला, "पाटील, आज आमचा मोठा दिवस, काटा लागणार नाही. उद्या सकाळी या." पाटलांनी वाद घातला नाही. परत जाऊन पुन्हा येण्याइतके बैलांत त्राण नव्हते, म्हणून गाडी दुकानासमोरच सोडली आणि ओसरीच्या कडेला पडून राहिले. रात्री पाऊस आला, तोही वळवासारखा कोसळता. गोणपाटाखालचा मूग भिजला. सकाळी पोती उघडली तेव्हा दाणे फुगलेले होते आणि काहींना मोड फुटू लागले होते. बाजारात त्याला निम्माही भाव आला नसता.

आम्ही आदल्या संध्याकाळी चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली होती. दाराबाहेरच्या माणसाची मागायची राहिली होती.

बाबूजींनी पाटलांना कोरड्या मुगाचा भाव दिला, हे मला आठवते. पण वहीत त्यांनी लिहिलेले मी या दिवाळीत पहिल्यांदा वाचले. 'पाटलांची गाडी रात्रभर दारात. मूग फुटला. दोष आमचा.' पुढच्या वर्षीच्या वहीत भाद्रपदाच्या पहिल्याच पानावर आहे, 'पर्वात सौदा नाही, पण माल उतरवून छपराखाली घेणे.' त्या वर्षी दुकानालगत पत्र्याची शेड झाली, ती अजून आहे. मला सांगण्यात आले होते की ती हमालांच्या सोयीसाठी बांधली.

मुगानंतर काय काय येई त्याचा क्रम वहीत असा दिसतो. दसरा-दिवाळीला खरीप ज्वारी, थोडी बाजरी, भुईमूग. मार्गशीर्ष-पौषात तूर, तिला साडेपाच-सहा महिने लागतात, मुगाच्या किंवा ज्वारीच्या ओळींत ती मागे उभी राहते आणि सगळे संपल्यावर पदरात पडते. माघात हरभरा. माघ-फाल्गुनात करडई आणि शेवटी शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. म्हणजे भाद्रपद ते फाल्गुन या सात महिन्यांत शेतकऱ्याच्या घरी चार-पाच वेळा पैसा येई, आणि तितक्या वेळा त्याची उचल थोडी थोडी फिटे. एखादे पीक गेले तर दुसऱ्यावर निभावे. मृग चुकला तर मूग जाई, पण हत्ती बरसला तर शाळू सावरी.

शाळूविषयी थोडे अधिक लिहिते, कारण नव्या पिढीला ती केवळ महाग भाकरी म्हणून माहीत आहे. 'खरीप' म्हणजे शरद आणि 'रब्बी' म्हणजे वसंत, हे दोन्ही अरबी शब्द. नावे पेरणीवरून नव्हेत, काढणीवरून पडली. शाळू वसंतातली. ज्या शेतात ती घ्यायची ते शेत जुने शेतकरी पावसाळाभर मोकळे ठेवीत. प्रत्येक पावसानंतर कुळवाची पाळी घालायची, तण मारायचे, भेगा बुजवायच्या, जेणेकरून चार महिन्यांची ओल खोल काळ्या मातीत जिरून राहील. मग उत्तरा-हस्ताच्या वापशावर पेरायची. त्यानंतर एक थेंब पडला नाही तरी साठवलेल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर ती वाढते. बाजारात अजून जिचे नाव चालते ती मालदांडी ही याच पट्ट्यातली. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेले वाण पुढे देशभर गेले. शाळूच्या कडेने करडईच्या ओळी, कारण करडईच्या काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. आणि दाण्याइतकेच मोल कडब्याला. दुष्काळात कडब्याच्या गंजीवर बैल जगत.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर हा शेतकरी आपली पुंजी पैशांत न ठेवता ओलीत, गंजीत आणि तुरीच्या उभ्या ओळीत विखरून ठेवीत होता. असे विखुरलेले देणेकरी सावकाराच्याही हिताचे असतात.

हे विखुरणे तुटले म्हणजे काय होते याचा एक धडा इतिहासात आहे. आपल्या मासिकांत तो विषय सहसा येत नाही, पण तो टाळण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानातल्या कापसाला अवाच्या सवा भाव आला. सुबत्तेच्या त्या दिवसांत दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागले आणि सहज घेतले गेले. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढलेला, आणि उचल थकली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. ते मिळाले तिथे जाळले. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना लागू होता. तारीख पाहा, मे महिन्याची. मृगाला चार आठवडे राहिलेले, मागचे फिटलेले नाही आणि पुढची उचल मिळत नाही, असा वर्षातला सर्वांत नाजूक पंधरवडा. त्या सावकारांत सारेच लबाड होते असे मी मानत नाही, आणि सारेच निर्दोष होते असे म्हणण्याचे धाडसही करणार नाही. रोख्यांवर आकडे होते. पण आकड्यांशेजारी कुणी पाऊस लिहून ठेवला होता की नाही, हे कळायला आता मार्ग नाही.

आमच्या वहीत बदल दिसू लागतो तो दोन टप्प्यांत. पहिला हायब्रीड ज्वारीचा. १९६४ साली देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले आणि दुष्काळानंतर ते झपाट्याने पसरले. उतारा भरपूर, पण कणसे पक्व व्हायची ती नेमकी उत्तरा-हस्ताच्या पावसात. दाणा काळा पडे आणि भाव पडे. बाबूजींच्या समासात 'काळी' हा एकच शब्द कित्येकदा आला आहे. दुसरा टप्पा सोयाबीनचा, १९९० नंतरचा. ९५ ते ११० दिवसांत येणारे पीक, पाखरे खात नाहीत, म्हणून गोफण घेऊन राखण नाही, शेंगांमुळे जमिनीला नत्रही मिळते. ते काढून त्याच रानात हरभरा घेता येतो. शेतकऱ्याने ते घेतले यात त्याचा काहीच दोष नाही.

आणि त्याला ते घ्यायला लावण्यात आपला वाटा मोठा आहे, हेही मान्य करावे. लातुरात आणि आसपास तेलगिरण्या उभ्या राहिल्या, पेंडीला निर्यातीची बाजारपेठ मिळाली. सोयाबीन आणले की त्याच दिवशी पट्टी आणि रोख. शाळूची दोन पोती आणली तर आडत्याचा चेहरा पडलेला. मुगाचे छोटे लॉट नकोसे झाले, करडईला गिऱ्हाईक नाही असे आपणच सांगू लागलो. मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्याच गादीवरून ते सांगितले गेले आहे. कोणते पीक पेरायचे हे शेतकरी बांधावर ठरवतो असे आपण समजतो. पुष्कळदा ते फेब्रुवारीत आपल्या काट्यावर ठरलेले असते.

आता जमेची बाजू कशी दिसते? भाद्रपद जवळजवळ कोरा. मग दसरा ते दिवाळी या तीन-चार आठवड्यांत मोठा लोंढा, आणि पौषात तूर. सात महिन्यांत विखुरलेला पैसा एका पंधरवड्यावर येऊन बसला आहे, आणि तो पंधरवडा हस्ताचा आहे. मुंबईत २०२५ साली मॉन्सून २६ मे रोजीच पोहोचला. इतक्या लवकर तो गेल्या अनेक दशकांत आला नव्हता. सगळ्यांना वाटले, वर्ष सोन्याचे. सप्टेंबरच्या उत्तरार्धात धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर या जिल्ह्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, सीना नदीने काठची गावे वेढली आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. ज्याच्या शेतात फक्त तेच होते त्याच्याकडे त्या वर्षी दुसरे काहीच नव्हते.

वाचलेला माल आला तो ओला. ओलाव्याचा प्रश्न आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हमीभावाच्या सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा. २०२४ च्या हंगामात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. पण ओल्या मालाला तो लागू होत नाही, आणि वाळवायला अंगण नाही, ऊन नाही, थांबायला वेळ नाही. शेतकरी म्हणतो, "शेठजी, जे द्यायचं ते द्या." आपण ओलावा मोजणारे यंत्र त्याच्यासमोर ठेवतो आणि यंत्र खोटे बोलत नाही. तेवढ्याने आपले काम संपते का, हा प्रश्न मला रात्री पडतो. चिरंजीवांना दिवसा पडतो, कारण गिरणीवाला त्यांच्याही मालाला तेच यंत्र लावतो.

कडब्याची गोष्ट वेगळीच. सोयाबीनच्या भुसकटावर बैल पोसत नाहीत. २०१३, २०१६ आणि २०१९ मध्ये या भागात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते साऱ्या देशाने पाहिले. एकेकाळी त्याच मिरज-लातूर मार्गावरून बार्शी लाइटची छोटी गाडी आमच्या भागातले धान्य बाहेर नेत असे.

हे आपल्याला का दिसले नाही, याचे एक साधे कारण मला या वह्यांत सापडले. आपले हिशेबाचे वर्ष दिवाळी ते दिवाळी होते. महावीर निर्वाणाची अमावास्या, दुसऱ्या दिवशी नवे वीर संवत, वहीपूजन, आणि कोठारात जुना माल संपलेला, नवा दाराशी. वर्ष पावसाच्या पोटातून बाहेर पडून संपत असे. नफा-तोटा म्हणजे पावसाचाच ताळेबंद. सरकारचे वर्ष १८६७ पासून एप्रिलचे होते, पण व्यापाऱ्याला आयकरासाठी आपले दिवाळीचे वर्ष चालवता येई. १९८९ पासून सर्वांना एप्रिल ते मार्चच सक्तीचे झाले. बाबूजी त्या वर्षी फार नाराज होते. शाळू नुकती खळ्यावर आलेली, तूर अर्धी गोदामात, आणि त्यात वर्ष मोडायचे! त्यांनी कायदा पाळला, पण समासातल्या नोंदी त्यानंतर विरळ होत गेल्या आणि पाच-सहा वर्षांत बंद पडल्या. वहीपूजन आपण अजूनही करतो. हल्ली लॅपटॉपला कुंकू लावतो.

दक्षिण महाराष्ट्रातले वाचक म्हणतील, आम्ही जैन स्वतःच नांगर धरतो, आम्हाला हे काय सांगता! खरे आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या बांधवांची गोष्ट निराळी, त्यांच्या घरात शेत आणि वही एकाच छपराखाली असते. मी लिहिते आहे ते आमच्यासारख्या काट्यापलीकडे बसणाऱ्यांसाठी.

वह्या रद्दीत गेल्या नाहीत. चिरंजीवांनी दोन रात्री बसून त्यातल्या जमेच्या तारखा नक्षत्रवार उतरवून काढल्या, आणि मला न विचारता यंदा एक फलक दुकानात लावला, 'शाळू, करडई, मूग, उडीद एक पोते असले तरी घेतले जाईल.' भाव काय देणार हे त्यावर नाही; ते कुणालाच आधी लिहिता येत नाही. शेजारच्या आडत्याने थट्टा केली, तीही अगदीच चुकीची नव्हती. एका पोत्याला हमाली, तोलाई, बारदाना धरला तर हातात काय उरणार?

गेल्या आठवड्यात एक तरुण आला. त्या पाटलांचा नातू. सोयाबीन पाण्यात गेलेल्या रानात वापसा यायला उशीर झाला, म्हणून त्याने हरभऱ्याचा विचार सोडून तीन एकर शाळू पेरली आहे, कडेने करडई. मोटारसायकलवरून उतरता उतरता त्याने विचारले, "काका, फाल्गुनात खरंच घ्याल ना? नाहीतर तेव्हा म्हणाल, गिऱ्हाईक नाही." चिरंजीव म्हणाले, "घेतो." तो म्हणाला, "लिहून द्या." मग पट्टीच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिले. त्याने ती घडी करून खिशात ठेवली, पत्र्याच्या शेडकडे एकदा पाहिले आणि मला म्हणाला, "काकू, पौषात हुरड्याला या सगळे. दुपारीच ठेवतो, म्हणजे दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण होईल."